मी ओ दिली होती

माझ्या घशात काहीही बिघाड नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाचे तरी सगळे रिपोर्ट चांगले आले असतील आणि घरातले म्हणत असतील, तुला काही झालेलंच नाही. मलाही काही झालेलं नव्हतं. फक्त पाच महिने तोंडातून आवाज निघत नव्हता. आता निघतो, बाजारात पुन्हा भांडतेही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, लिहून काढा, तुमच्यासारख्या आणखी बाया येतात, त्यांना वाचायला देऊ. मी बारावी शिकलेली आहे आणि बचत गटाच्या सभेचं सगळं लिखाण मीच करते, तेव्हा लिहायची भीती नाही. ज्या घरचा माणूस गेला त्या घरी हे कधी पोचलं तर काय, याची भीती आहे. तरी लिहिते.

जागल

आमचं गाव तळेगावच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. तीन एकरांत वांगी, कोबी, सांभार म्हणजे कोथिंबीर लावतो आणि मागच्या पट्टीत तूर. माझा आवाज पहिल्यापासून मोठा. बाजारात मला ओरडावं लागत नाही, साधं बोललं तरी गिऱ्हाईक वळून बघतं. विहारात रविवारची वंदना मीच सांगते. माझा नवरा उत्तम म्हणायचा, "तुले मोबाईल कायले पायजे वं? तू इथून बोलली तं आर्वीत ऐकू जाते."

थंडीत तूर भरली की रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, डोंगरातून खाली उतरतात. एका रात्रीत पट्टी साफ करतात. म्हणून रात्रभर मचानावर बसून राखण करावी लागते, तिला आम्ही जागल म्हणतो. उत्तमचा खुबा दुखतो, त्याला मचानावर चढता येत नाही, म्हणून तीन वर्षांपासून जागल माझ्याकडे. बाई मचानावर बसते म्हणून लोक आधी हसले. मग माझी हाळी ऐकली आणि गप्प झाले.

या हाळीची एक रीत आहे. अधूनमधून कुणीतरी लांबलचक "होओओ" करतं. ज्याला ऐकू आलं त्याने तशीच ओ द्यायची, मग त्याच्या खालच्या शेतातल्याने, अशी ती डोंगरापासून गावापर्यंत जाते. अर्थ एवढाच, की मी जागी आहे, माझ्याकडे सगळं ठीक आहे. कोण आहे, काय झालं, असं उलट विचारायचं नाही. विचारलं म्हणजे तुम्ही झोपला होता आणि दचकून उठलात हे साऱ्या शिवाराला कळतं. नथ्थूभाऊंनी एकदा विचारलं होतं, "कोन हाये बे?" तर अख्खा हंगाम लोक त्यांना त्याच नावाने बोलावत होते. मीसुद्धा बोलावलं, आणि पोट धरून हसले.

ती रात्र

मागच्या थंडीतली गोष्ट. धुई इतकी दाट होती की माझीच तूर मला दिसत नव्हती. अकराच्या सुमाराला डोक्यावरून घरघर गेली, खूप खालून. मला वाटलं हायवेवर ट्रक घाट चढत असेल. मग एक मोठा दणका झाला. पुंडलिकभाऊंचं शेत माझ्या खालच्या बाजूला आहे, ते डुकरांसाठी सुतळी बॉम्ब फोडतात. मी म्हटलं, फोडला वाटतं. दणका वरून आला होता हे मला कळलं होतं, पण धुईत आवाज फिरतो, असं मनाशी म्हणून मी पांघरूण ओढून घेतलं.

अर्ध्या तासाने हाळी आली, शब्द कळत नव्हते, नुसता लांब आवाज. वरून. वर कुणाचं शेत नाही, नुसतं जंगल आहे. क्षणभर तोंडात आलं होतं, "कोन हाये?" पण खाली पुंडलिकभाऊ बसलेले. सकाळी चहाच्या टपरीवर काय काय चाललं असतं ते मला दिसलं. फॉरेस्टचा कुणी असेल, असं म्हणून मी छातीभर दम घेतला आणि ओ दिली. माझ्यामागून पुंडलिकभाऊंनी दिली, त्यांच्यामागून नथ्थूभाऊंनी.

असं चारदा झालं. चारही वेळा मी ओ दिली. चौथ्यानंतर वरून हाळी आलीच नाही. मी मनात म्हटलं, झोपला बाबा एकदाचा. हे वाक्य मी कितीतरी महिने कुणाला सांगू शकले नाही.

सकाळ

सात वाजता बकऱ्या चारणारा माणूस धावत खाली आला. वर विमान पडलंय म्हणाला. लोकांनी आधी त्याला वेड्यात काढलं. आमच्या डोक्यावरून विमानं जातात ती उंचावरून, रेघ सोडत. विमान पडणं ही टीव्हीवरची गोष्ट.

तरी सगळे गेले, मीही गेले. ते जीपपेक्षा फार मोठं नव्हतं. एक पंख सागाच्या झाडात अडकून राहिला होता. पेटलं नव्हतं, म्हणून कुणाला उजेड दिसला नव्हता. त्यात दोघं होते. गणवेशातले वैमानिक गेले होते, त्यांच्या छातीवर दुसऱ्याचं जॅकेट नीट पांघरलेलं होतं. दुसरा जिवंत होता, विमानाचा मेकॅनिक, हिंगणघाटचा. दोन्ही पाय मोडलेले. त्याला खाटेवर घालून खाली आणलं. तो ओठ हलवत होता, पण गळ्यातून नुसती खरखर येत होती.

कुणीतरी म्हणालं, "रातभर आवाज देऊन देऊन गळा बसला वाटते त्याचा."

मी जिथे होते तिथेच खाली बसले. पुंडलिकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं आणि लगेच दुसरीकडे पाहायला लागले. पोलीस आदल्या रात्रीपासून शोधत होते, पण कारंज्याच्या अंगाला, हायवेच्या पलीकडे. आता त्यांच्यातला एक वहीत लिहीत माझ्यापर्यंत आला.

"बाई, शेत तुमचंच ना हे खालचं? रात्री काही ऐकू आलं का?"

"नाई," मी म्हणाले. खणखणीत.

त्याने लिहून घेतलं आणि पुढे गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तमला चहासाठी हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा निघाली.

घरातलं

पहिले आठ दिवस कुणी मनावर घेतलं नाही. जागलीने घसा बसला, हळद-दूध पी. मग गावात मस्करी सुरू झाली, की आता कुठे उत्तमला बायको सुखाची मिळाली. उत्तमही हसायचा. पंधरा दिवसांनी हसणं थांबलं. शेजारणीने उतारा टाकायचा सल्ला दिला, वरच्या डोंगरातलं काहीतरी लागलं म्हणे. उत्तमने तिला दारातच सांगितलं, "आमच्या घरी हे चालत नाई, बाई. माह्या बापाच्या वक्तापासून बंद हाये." त्या दिवशी मला त्याचा फार अभिमान वाटला.

पण तोच उत्तम महिन्याभराने चिडला. जागल आता त्याच्यावर आली होती, दुखऱ्या खुब्याने तो शिडी चढत होता. एका संध्याकाळी तो म्हणाला, "झोपीत बोलतं तू. मी ऐकलं. झोपीत आवाज निघते अन् दिवसा नाई? काऊन असं करून राह्यली मायासंग?"

माझ्या हातात ताट होतं, ते मी भिंतीवर फेकलं. भांडायला तोंड उघडलं आणि तीच हवा. ज्या बाईचं भांडण शिवेपर्यंत ऐकू जायचं तिला नवऱ्याला एक शब्द सुनावता येईना. मी रडले तेही बिनआवाजाचं. ते बघून तो घाबरला. त्याने ताटाचा पोचा हातोडीने काढला आणि चमच्यासह माझ्या उशाशी ठेवला. "मले बलावाचं असलं तं वाजवजो." एवढं बोलून तो शेतात गेला.

तुमच्या घरचे विश्वास ठेवत नसतील तर त्यांना लगेच दुष्ट समजू नका. ते घाबरलेले असतात, आणि घाबरलेला माणूस आधी ओरडतो.

खोकला

प्रज्ञा ही आमची मुलगी, वर्ध्याला नर्सिंग शिकते. तिनेच मला तिथल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नाकातून नळी घालून घसा पाहिला. सकाळी चिठ्ठीची रांग, मग तपासणीची रांग, मग रिपोर्टची. नाव पुकारलं की मला "आली" म्हणता यायचं नाही, म्हणून प्रज्ञा हात वर करून उभी राहायची. तिचं एक प्रॅक्टिकल त्यात बुडालं. तिने ते मला सांगितलं नाही, मैत्रिणीशी बोलताना मी ऐकलं.

मला कॅन्सर वाटत होता. खरं सांगते, कॅन्सर निघाला असता तर मला बरं वाटलं असतं. काहीतरी शिक्षा झाली असं झालं असतं.

घशाच्या डॉक्टरांनी पडद्यावर माझ्या स्वरतंतूंचं चित्र दाखवलं. स्वच्छ होतं. मग ते म्हणाले, "जरा खोका बघू."

मी खोकले. मोठा, खडखडीत खोकला आला. खोलीतले सगळे माझ्याकडे बघू लागले.

"ऐकलंत? हा आवाज आहे," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "तंतू चांगले आहेत, जुळतायत. तुम्ही नाटक करत नाही, हे मी लिहून देतो. पण आवाज घशामुळे गेलेला नाही. तुम्ही मनाच्या डॉक्टरांना भेटा."

हा माझ्या निदानाचा दिवस. मला धक्का बसला तो मनाचा डॉक्टर म्हटल्याचा नव्हे. आवाज माझ्याजवळच आहे आणि मीच त्याला आत धरून बसले आहे, याचा बसला. परतीच्या एसटीत मी देवळीपर्यंत खोकत राहिले. हो, देवळीपर्यंत, कारण आम्ही दोघी चुकीच्या गाडीत बसलो होतो. प्रज्ञाला उतरल्यावर हसू आवरेना आणि त्या तीन महिन्यांत पहिल्यांदा मलाही हसू आलं. हसण्यातही थोडा आवाज होता.

पाटी

मनाच्या डॉक्टरबाई वयाने माझ्याएवढ्याच. त्यांनी पाटी दिली आणि विचारलं, "आवाज जाण्याआधी मोठ्याने बोललेला शेवटचा शब्द आठवतो?"

मी लिहिलं, नाई.

"आठवत नाही?"

मी मान हलवली आणि त्या शब्दावर बोट ठेवलं. त्यांनी पाटी आपल्याकडे वळवली. "हाच शब्द होता. कुणाला म्हणालात?"

मी पाटी पालथी केली. त्यांनी ओढून घेतली नाही. पुढच्या मंगळवारी या म्हणाल्या.

घरी आल्यावर मी पाटी घेऊन पुंडलिकभाऊंकडे गेले. ते अंगणात तुरीच्या शेंगा झोडपत होते. मी लिहिलं, तुम्ही पण ऐकली होती ना हाळी? त्यांनी वाचलं आणि शर्टाच्या बाहीने पाटी पुसून टाकली.

"कायचं काय लिवतं वं सुनंदाबाई. झोपलो होतो मी त्या राती."

आमच्या शिवारात जागलीत झोपलो होतो असं कुणी मेलं तरी कबूल करत नाही. पुंडलिकभाऊंनी केलं, माझ्या तोंडावर, दिवसाढवळ्या. मग ते पुन्हा शेंगा झोडपायला लागले, पण काठी दोनदा नुसत्या जमिनीवर पडली. तेही आजारीच होते. फक्त त्यांचा आवाज शाबूत होता.

मंगळवार

दर मंगळवारी डॉक्टरबाईंनंतर शलाका मॅडमकडे जायचं. त्या आवाजाचे व्यायाम घेतात. खोकल्याच्या शेपटीला "हं" जोडायचं, मग हंचा गुंजारव. उत्साही पोरगी, माझ्या प्रत्येक "हं"ला टाळ्या वाजवायची. मला लाज वाटायची आणि आवडायचंही. जेवणाच्या सुट्टीत त्या मला डब्यातलं काहीतरी द्यायच्या. एवढ्या मोठ्या इमारतीत कुणीतरी आपली वाट बघतंय, हे त्या दिवसांत फार होतं.

त्यांच्या खोलीशेजारीच हातपायांच्या व्यायामाची खोली. बाहेर एकच बाकडं. तिथे मी त्याला पाहिलं. वॉकर धरून एकेक पाऊल टाकत होता. प्रमोद नाव त्याचं, पस्तिशीचा असेल. मी त्याला खाटेवर पाहिलं होतं, त्याने मला नव्हतं. पहिल्या मंगळवारी मी बायांच्या संडासात जाऊन बसले. दुसऱ्या मंगळवारीही. तिसऱ्या मंगळवारी बाकड्यावर बसले, कारण संडास धुवायला घेतला होता.

तो शेजारी येऊन बसला. घामाने भिजलेला. माझ्या हातातली पाटी बघून म्हणाला, "काकू, बोलता नाई येत का? मलेबी पंधरा दिवस येत नव्हतं. कोन्या गावच्या तुमी?"

खोटं लिहावं असं वाटलं. बोटं लिहीत होती ते आमच्या गावाचंच नाव होतं. त्याने वाचलं आणि वॉकर बाजूला ठेवला.

"मंग तुमाले माईत असंन. त्या विमानात होतो मी."

मी मान डोलावली.

तो भिंतीकडे बघत बोलत राहिला. "कॅप्टनसाहेब जिते होते, काकू. छाती दबली होती त्याईची, पण बोलत होते. मोबाईल फुटले, रेंज नाई. मी वरडलो. अन् उत्तर आलं! बाईचा आवाज होता, मोठा. मी म्हनलं, साहेब, लोक येऊन राह्यले. ते म्हने, आले का? अन् शांत झाले एकदम. मी परत वरडलो, परत उत्तर आलं. चार बार. चौथ्या बारीले साहेबच म्हने, राहू दे आता प्रमोद, येतीलच ते, गळा जाईल तुझा. मनून मी थांबलो. पाचाच्या सुमाराले गेले ते."

म्हणजे झोपला बाबा एकदाचा असं मी म्हटलं तेव्हा वर दोघंही जागे होते आणि आमची वाट बघत होते. पाटी मांडीवरून घसरली, त्यानेच वाकून कष्टाने उचलून दिली.

"पोलीस म्हन्ते, गावात कोनाले काई ऐकू नाई गेलं. लिवून हाये त्याईच्याजवळ. बायको म्हन्ते, भास झाला असंन तुमाले. इथले डॉक्टरबी म्हन्ते, अशा वक्ती होते तसं. आता मलेच समजत नाई. भासावर भरोसा ठेवून मी साहेबाले खोटंच सांगितलं का, लोक येऊन राह्यले मनून? रोज तेच येते मनात." तो माझ्याकडे वळला. "तुमी तिथच्या हाये, काकू. तुमीच सांगा. भास होता का तो?"

माझं ते "नाई" या माणसाच्या डोक्यात जाऊन बसलं होतं. मी पाटी घेतली, पेन्सिल टेकवली, ती मोडली. मग छातीत दम भरला गेला. मी मुद्दाम भरला नाही, तो आपोआप भरला.

"भास नोता," मी म्हणाले.

आवाज घोगरा होता, पण माझा होता. तो बसल्या जागी ताठ झाला. त्याने आवाज ओळखला, हे त्याच्या डोळ्यांत दिसलं.

"ते मी होती. आमच्या इकडं जागलीत हाळी आली का ओ देतेत. सगळं ठीक हाये मनून. कोन हाये, विचारत नाई. मी विचारलं नाई."

त्याने शिवी दिली असती तर मी घेतली असती. त्याने बाजूला ठेवलेला वॉकर जवळ ओढला. मग अगदी हळू विचारलं, "किती दूर होतो आमी?"

माझ्या मचानापासून त्या सागापर्यंत मी नंतर तीनदा चालून पाहिलं होतं, घड्याळ लावून.

"वीस मिनटं," मी म्हणाले.

त्याच वेळी शलाका मॅडमचं दार उघडलं. त्या धावतच आल्या, तोंडावर हात, डोळ्यांत पाणी. "ताई! आवाज! आवाज आला तुमचा! काय म्हणालात? परत म्हणा, परत म्हणा, थोडं मोठ्याने!"

प्रमोद माझ्याकडे बघत होता. मॅडमनी टाळ्या वाजवायला हात वर धरले होते. मी त्याच्यावरची नजर हलवली नाही आणि मोठ्याने म्हणाले, "वीस मिनटं."